सिस्टरांचा लाकडी पेशंट

“पेशंटवर शिंकलीस तर बाहेर काढीन हां!”

दाराबाहेर चपला काढताना मी सिस्टरांचा आवाज ऐकला आणि पाठोपाठ सोनलचं हसणं. म्हणजे आजही ती माझ्या आधी पोचली होती.

पेशंट म्हणजे लाकडी जहाज. हातभर लांब, तीन शिडांचं. सिस्टरांचा भाचा बोटीवर असतो. त्याने सुट्या भागांचं खोकं पाठवलं आणि वर लिहिलं, ‘मावशी, टाइमपास.’ सिस्टर आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहतात. परळच्या एका हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. त्यांचं खरं नाव चाळीत कोणाला आठवत नाही. भाजीवालाही “सिस्टर, मेथी?” असंच विचारतो.

टाइमपास त्यांना जमत नाही. टेबलावर हिरवी चादर आली. तोंडाला मास्क, माझ्याही. वाकवायच्या पट्ट्या गरम पाण्यात टाकताना म्हणायच्या, “थोडा शेक देऊ.” गोंद सुकेपर्यंत हात लावायचा नाही, “टाके ओले आहेत.” कोणी दारातून “झालं का हो?” विचारलं, की मान वर न करता उत्तर यायचं, “नातेवाईकांनी बाहेर बसा.”

माझं काम माहितीपत्रक वाचण्याचं. ते इंग्रजीत होतं. “हां, इंग्लिश मीडियम, पुढचं सांग!” ऑफिसात मी दिवसभरात चार वाक्यं बोलत असेन. इथे मी बोलल्याशिवाय फळी हलत नव्हती.

मग सोनल आली. समोरच्या बिऱ्हाडातली नवी सून, वाटी परत करायला. सिस्टरांनी सवयीप्रमाणे न बघताच तळहात पुढे केला, “चिमटा.” मी अजून ओळ शोधत होते. सोनलने चिमटा उचलून त्यांच्या हातावर ठपकन ठेवला.

सिस्टरांनी मान वर केली. माझ्यासाठी दीड महिन्यात एकदाही केली नव्हती.

“असा द्यायचा असतो! हिचे हात बघ.”

दुसऱ्या दिवशी सोनलने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. “आता वाचायची कटकटच नको, सिस्टर. बघून करू या.” मी पत्रकाची घडी घातली. तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा मला सहन होईना.

गुरुवारी जहाजाचं पोट अजून उघडं होतं. वरची फळी दुसऱ्या दिवशी बसवायची होती. “उद्या लवकर ये गं,” सिस्टर म्हणाल्या. सोनलला. निघताना मी चादरीवरची एक पितळी तोफ उचलली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली. शेंगदाण्याएवढी होती. माझ्याशिवाय ते जहाज पुरं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी फळी चिकटवून झाली. आज तोफा बसवायच्या होत्या. मी आत गेले तेव्हा सिस्टर मोजत होत्या. अकरा. पुन्हा अकरा. त्यांनी टेबलाखाली टॉर्च मारला, चादर झटकली, परत मोजल्या.

“अहो, एक कमी तर कमी,” सोनल म्हणाली. “मी काळा मणी चिकटवते. कोणाला कळतंय?”

“पोटात कापूस राहिला तरी बाहेरून कळत नाही.” सिस्टरांनी जहाज कानाशी धरून हलवलं. “वाजत नाही, पण आत पडून गोंदाला चिकटली असणार. उघडावं लागेल.”

“एवढं चिकटवलेलं? फुटेल ना ते!”

“फुटू दे.”

त्यांनी पातळ पातं उचललं. मग मास्क हनुवटीखाली ओढला.

“मी लवकर रिटायर झाले ना, सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत माझे. पोट शिवण्याआधी कापूस, कात्र्या सगळं मोजायचं असतं; शेवटच्या वर्षी माझा तो काउंट चुकायला लागला. दोनदा. कोणाला काही झालं नाही, सगळं सापडलं. पण डॉक्टर टाके घालायला थांबलेत, मी मोजतेय, आणि आकडा येत नाहीये...” त्या किंचित हसल्या. “म्हटलं, लाकडावर करून बघावं. इथे कोणी मरत नाही. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही निघायच्या आधी बारा मोजल्या होत्या. म्हणजे, मला तसं वाटलं.”

पात्याचं टोक फळीच्या फटीत शिरलं. लाकूड करकरलं.

“सिस्टर, थांबा!” मी म्हणाले. “तुमचा काउंट बरोबर होता. बारावी मी चोरली.”