‘पुढे’ या एका शब्दाच्या वादाची हकीकत

श्री. प्रथम टाळास नमन, मग ध्रुपद उचलणाऱ्या कंठास नमन, आणि कीर्तनात डोळे पुसणाऱ्या श्रोत्यांस नमन करोन हकीकत लिहितो ऐसी जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, एक राज्य होते, आणि त्या राज्यात देवालय नामी, सभामंडप विस्तीर्ण, आणि तेथे उत्सवात कीर्तन करण्याचा मान एका घराण्याकडे. घराण्याचे वडील बोवा थकले, मग अंतकाळी दोघा पुत्रांस जवळ बोलावोन वदले, “थोरल्याने कीर्तन करावे, पुढे धाकट्याने करावे.” इतके बोलोन देह ठेविला. मग दिवसकार्य उरकताच थोरले सिदोबोवा म्हणाले, “पुढे म्हणजे माझ्यामागे. मी आहे तोवर मी, मग तू.” धाकटे निळकंठबोवा म्हणाले, “दादा, पुढे म्हणजे मागे कसे होईल? मी पुढे उभा राहीन, तुम्ही मागे ध्रुपद धरा.” थोरले म्हणाले, “तुझे ध्रुपद धरता धरता माझे दात पडतील!” धाकटे म्हणाले, “आणि जे आधीच पडले ते कोणाचे ध्रुपद धरोन?” आणि तेथोन वाद पेटला.

त्या राज्यातील न्यायसभेची रीत ऐसी की, फिर्याद आजाने करावी आणि निकाल नातवाने ऐकावा, आणि तोवर वादाच्या वस्तूस सरकारी कुलूप. महाराज कनवाळू. प्रजेचे हाल पाहोन त्यांनी नवा हुद्दा काढिला, त्याचे नाव अदमासनीस. त्याने वाद कोवळा असतानाच दोन्ही पक्ष समोरासमोर बसवोन ऐकावे, कोणाची बाजू घेऊ नये, आणि खटला अखेरीस कसा सुटेल याचा अदमास सांगावा. पटला तर मानावा, न पटला तर न्यायसभेचे दार मोकळे. या जागी भिवजीपंत म्हणोन वृद्ध गृहस्थ नेमिले होते. दोघे भाऊ त्यांजकडे गेले आणि पंतांनी उभयतांचे सारे ऐकोन घेतले आणि पुसले, “बोवा, कीर्तनाची अंगे कोणती?” दोघे एकदम म्हणाले, “पूर्वरंगी अभंगाचे निरूपण, उत्तररंगी कथा.” मग पंत हसोन बोलिले, “तुमचे वडील कीर्तनकार होते, वकील नव्हते. थोरल्याने पूर्वरंग करावा. पुढे, म्हणजे उत्तररंगी, धाकट्याने कथा लावावी. न्यायसभाही फिरोन फिरोन येथेच येईल, ऐसा आमचा अदमास.” हे ऐकताच सिदोबोवांचे डोळे भरले. म्हणाले, “आबा असेच म्हणाले असतील रे.” पंत म्हणाले, “हा हुकूम नव्हे, यास शिक्का नाही. घरी जावे, विचार करावा, आणि उद्या येवोन सांगावे.” मग निघताना धाकट्याने थोरल्याची पायतणे पुढे ठेविली आणि म्हणाले, “दादा, पूर्वरंग फार लांबवू नका, माझी कथा राहील.” थोरले म्हणाले, “तुझी कथा लागली की लोक उठतात, म्हणोन तर लांबवितो!” आणि दोघे हसत घरी गेले. हाय हाय, तेव्हाच देवाने हकीकत संपविली असती तर!

परंतु त्या राज्यात चाल ऐसी की, खटला जिंकी त्याने हरल्याच्या घरी साखर धाडावी. निळकंठबोवा भोळे, आनंदात चाल विसरले, आणि तबकभर साखर भावाच्या घरी धाडिली. सिदोबोवांनी तबक पाहिले आणि चेहरा उतरला. शेजारी जमले आणि म्हणाले, “खरेच आहे बोवा, पूर्वरंगास लोक अजोन जागा धरीत असतात. कीर्तनाचा जीव तो उत्तररंग, तो त्याने नेला.” मग बोवांनी साखर अंगणात उडविली आणि मुंग्यांची चंगळ जाहली. निळकंठबोवा धावत आले. “दादा, तोंड गोड करावे म्हणोन धाडिली हो!” “हरल्याच्या तोंडास गोड काय लागते?” पंतही काठी टेकीत आले आणि म्हणाले, “अहो, अजोन खटलाच जाहला नाही, तर हरले कोण?” सिदोबोवा म्हणाले, “तुमच्या बोलण्यास शिक्का आहे?” “नाही.” “मग आम्ही शिक्क्याचेच ऐकू.”

मग फिर्याद दाखल जाहली आणि सभामंडपास कुलूप पडले. उत्सव आले आणि मुके गेले. देवापुढे दिवा लागे, परंतु टाळ वाजेना, आणि ध्रुपद कोठे उचलावे हे ठाऊक नसलेली पोरे वाढोन बाप्ये जाहली. अदमासनिसांचे अदमास खरे होतात परंतु कोणी मानीत नाही, म्हणोन दरबाराने तो हुद्दा मोडिला, आणि पंत त्या दुःखाने वारले. निळकंठबोवांस दमा जडला. अखेरच्या दुखण्यात ते दाराकडे पाहोन पुसत, “दादा आले काय?” दादा नाही आले, तारखेस गेले होते.

शके सत्राशे तेरा, विरोधकृत्नाम संवत्सरी निकाल लागला, आणि पंतांचे बोल जसेच्या तसे, वर शिक्का. कुलूप काढिले. सिदोबोवा काठी सोडोन उभे राहिले आणि थरथरत्या गळ्याने पूर्वरंग ऐसा केला की, दगडास पाझर फुटावा. मग मध्यंतरी पुजारी हार घेवोन आला. बोवांनी धाकट्यासाठी एक पाऊल बाजूस घेतले, जागा मोकळी केली आणि हार हाती धरोन उभे राहिले. श्रोते वाट पाहत बसले. पुजाऱ्याने हळूच पुसले, “बोवा, पुढे?”

बोवांनी हार त्या मोकळ्या जागी ठेविला. येणेप्रमाणे निकालाबरहुकूम पूर्वरंग जाहला. उत्तररंग राहिला.