रवळू दशावताऱ्याने भर दरबारीं बाळंतपण मांडिलें त्याची हकीकत

श्रीशारदा जिव्हेवर वसो आणि लिहिणाराचा हात खोट्याकडे न वळो. शके सोळाशें सत्त्याऐंशीं, पार्थिव नाम संवत्सरीं, आमचे राज्यांत जें अघटित जाहलें आणि आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, अथवा मागाहून त्या माणसांच्याच तोंडून ऐकिलें, तें येथें यथास्थित लिहितों. राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, म्हणून लिहिलें नाहीं. त्या सालाचे आधीं लागोपाठ दोन मोहिमा जाहल्या, दोहींत माणूस बहुत पडलें, आणि मागाहून पटकीचा आजार गांवोगांव फिरला, आणि कितीएक घरांचीं दारें लागलीं तीं पुन्हा उघडलीं नाहींत. राजे वयानें तरुण, मनाचे हळवे. ओस घरें पाहून त्यांस अन्न गोड लागेना. मग दिवाण अनंतपंत यांनीं अर्ज केला कीं, "महाराज, तोफ ओततां येते, किल्ला बांधतां येतो, माणूस मात्र बायकांचेच पोटीं येतें. तेव्हां तिकडील बंदोबस्त व्हावा." राजे "ठीक" म्हणाले, आणि हुकूम सुटला. हुकूम ऐसा कीं, लग्नाच्या बाईनें मूल होण्यास ना म्हणूं नये, दोन बाळंतपणांत अंतर राखण्यासाठीं माहेरीं जाऊन राहूं नये, आणि कोणीही सुइणीनें त्याविषयीं औषध अथवा सल्ला देऊं नये. देईल ती हद्दपार. दवंडी फिरली, पुरुषांनीं ऐकली आणि आपापल्या कामास लागले. बायकांनींही ऐकली. त्या काय म्हणाल्या हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं, कारण त्यांस कोणीं विचारिलें नाहीं.

राजधानींत काशाई म्हणून सुईण होती. सत्तरी उलटलेली, पाठीस बाक, परंतु हात ऐसा हलका कीं निम्में शहर तिच्याच हातीं जन्मास आलें, खुद्द दिवाणजीही. तिनें एका कुंभाराच्या बायकोस सांगितलें कीं, "बाई, अंगांत रक्त राहिलें नाहीं, दोन वर्षें दम धर." हें चावडीवर कळलें, आणि काशाईस धरून किल्ल्याच्या कोठडींत घातलें, आणि रथसप्तमीचा उत्सव जाहल्यावर हद्दीपार नेऊन सोडावी ऐसें ठरलें.

त्याच उत्सवासाठीं राजांनीं रवळू दशावताऱ्यास बोलाविलें. हा रवळू म्हणजे स्त्रीवेषांत त्या मुलुखीं एकच. वय चाळिशीचें, आंगानें उभट, परंतु लुगडें नेसून रंगीं उभा राहिला म्हणजे घरंदाज बायका निऱ्या कशा घ्याव्या हें त्याच्याकडे पाहून शिकत. दिवाणजींनीं त्यास आज्ञा केली कीं, "वीरमातेचा खेळ लाव. माता सात पुत्र प्रसवते, दर खेपेस झांज वाजावी, दर खेपेस एक बाहुला पदराखालून काढावा, आणि सातवा काढून हंसावें." रवळूनें मुजरा केला, सात लांकडी बाहुले घेऊन घरीं आला, आणि ओसरीवर तालीम करूं लागला. कमरेवर हात ठेवावा, "आई गं" म्हणून मान मुरडावी, बाहुला काढावा आणि गोड हंसावें.

त्याची बायको भिवरा तांदूळ पाखडीत होती. ती पाहूं लागली, मग हंसूं लागली, आणि हंसतां हंसतां सूप बाजूस ठेवून तिनें डोळ्यांस पदर लाविला.

रवळू म्हणाला, "काय चुकलें?"

ती म्हणाली, "कांहीं नाहीं. सगळेंच चुकलें. माझीं सहा बाळंतपणें जाहलीं, त्यांतलें एक तरी तुम्हीं पाहिलें आहे?"

त्यानें आठवून पाहिलें. सहाही वेळां तो खेळ घेऊन परगांवीं होता. सहांतलीं तीन जगलीं, तीं परसांत खेळत होतीं. तो म्हणाला, "मग तूं दाखीव, मी शिकेन." भिवरेनें सूप पुन्हा पुढें ओढलें. मग म्हणाली, "मी सांगेन, पण त्याचें तुम्ही सोंग कराल, आणि लोक वाहवा म्हणतील, आणि मला राग येईल. तरी सांगतें. शेवटल्या दोन खेपा माझ्या मनाविरुद्ध जाहल्या. तुम्ही गांवाहून आलां. मी म्हटलें, अजून अंग सांवरलें नाहीं. तुम्ही म्हणालां, कांहीं होत नाहीं. काशाईनें मागच्या खेपेस माझा हात धरून सांगितलें कीं, पुढची खेप तुला घेऊन जाईल. आणि आतां दोन महिने मी बाहेर बसलें नाहीं. काशाई कोठडींत आहे, आणि हुकूम दारांत उभा आहे."

रवळूच्या हातांतला बाहुला खालीं पडला. तो रंगावर अनेक राण्यांसाठीं रडला होता, परंतु त्या दिवशीं त्यास रडूंही येईना. तो इतकेंच म्हणाला, "माझ्या हातून चूक जाहली." भिवरा म्हणाली, "जाहली. आतां बसूं नका, काय करतां येईल तें पाहा."

मग रवळूनें दिवाणजींकडे जाऊन, खेळ साजरा व्हावा म्हणून सुइणीस चार गोष्टी पुसावयाच्या आहेत, ऐसें सांगून परवानगी आणिली, आणि तीन दिवस किल्ल्यावर जात राहिला. कोठडीच्या गजांतून हात बाहेर काढून काशाईनें त्यास शिकविलें. "कळ पोटांत उठत नाहीं रे, कमरेंत उठते, आणि पुढें येते. तोंड वांकडें करूं नको, तोंडाकडे त्या वेळीं लक्ष कोणाचें असतें? पायाचीं बोटें बघ. बाईची कळ तिच्या पायाच्या बोटांत दिसते." आढ्यास दोरी कशी बांधतात, ती कशी धरतात, दोन कळांच्या मध्यें बाई कशी डोळे मिटून कोठें दूर निघून जाते, हें सर्व तिनें दाखविलें. पहाऱ्यावरचा शिपाई ऐकतां ऐकतां पाठ फिरवून उभा राहिला. तिसरे दिवशीं काशाई म्हणाली, "दाखवशील तर सगळें दाखीव. अर्ध्यावर हंसूं नको."

माघ शुद्ध सप्तमीस सकाळीं चार घटका दिवस आला असतां दरबार भरला. देवळापुढील पटांगणांत मांडव घातला होता. राजे गादीवर, उजवीकडे सरदार, डावीकडे वेताच्या चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब आणि वाड्यांतील बायका, आणि समोर शहरचीं माणसें, बायामाणसें इतकीं कीं तीळ ठेवण्यास जागा नाहीं. आम्ही दिवाणजींच्या खालीं दौत घेऊन बसलों होतों, कारण खेळाची तारीफ लिहून ठेवण्याचें काम आम्हांकडे होतें. पडदा सरला आणि रवळू वीरमाता होऊन आला. हिरवें लुगडें, नाकांत नथ, कपाळीं मळवट. सभा पाहत राहिली. मान मुरडली, झांज वाजली, पहिला बाहुला निघाला. आम्हीं लिहिलें, "प्रथम पुत्र. सभा संतुष्ट." पुन्हा झांज वाजली, दुसरा निघाला.

मग रवळूनें हात वर करून झांजवाल्यास थांबविलें, मृदंग थांबविला, आणि मांडवाच्या आडव्या वाशास दोरी टाकून गांठ मारली. दिवाणजी आमच्याकडे वळून म्हणाले, "हें ठरलेलें नव्हतें." इतक्यांत रवळूनें दोरी धरिली, आणि त्याच्या पायाचीं बोटें जमिनीस रुतलीं, आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो आम्हीं पूर्वीं कधीं ऐकिला नव्हता, म्हणजे ऐकिला होता, आपल्याच घरीं, बंद दारापलीकडून, आणि ऐकून आम्ही अंगणांत निघून गेलों होतों. गाणें नाहीं, भाषण नाहीं. कळ येई, तो दोरीस लोंबे; कळ जाई, तो भिंतीस टेकल्यासारखा वाऱ्यास टेके, आणि डोळे मिटी. वेळ मोजण्याचें घटिकापात्र एकदां बुडालें, दुसऱ्यांदा बुडालें. कोणी खोकलें नाहीं. तोंडाचा रंग घामानें ओघळून गळ्यावर आला, मळवट नाकावरून वाहिला, पदराचें टोंक दांतांत धरून फाटलें. जो जन्मभर देखणा दिसला तो त्या वेळीं देखणा राहिला नाहीं, आणि त्याजवरून डोळा हालविण्याची कोणाची छाती होईना. राजे अर्धे उठून म्हणाले, "वैद्यास बोलवा, हा मरतो आहे!" आणि त्याच वेळीं चिकाच्या आडून वाड्यांतील एका म्हाताऱ्या कुळंबिणीचा, म्हणजे दासीचा, आवाज आला, "श्वास सोड गं बाई, धरूं नको, सोड!" तिला भान राहिलें नव्हतें. मग समोरून दुसरी ओरडली, "टाच दाब, टाच!" आणि तिसरी, आणि चौथी, आणि पाहतां पाहतां सगळ्या पटांगणांतल्या बायका त्या एका पुरुषास धीर देऊं लागल्या, जसा आपल्या लेकीस द्यावा. आमचे हातीं लेखणी तशीच राहिली. शाई वाळून गेली.

मग रवळू दोरी सोडून गुडघ्यांवर बसला. तिसरा बाहुला त्यानें काढिलाच नाहीं. डोकीचें खोट्या केसांचें गंगावन काढून भुईवर ठेविलें आणि उघड्या डोक्यानें हात जोडून म्हणाला, "महाराज, मला जितकें शिकवितां आलें तितकें एका म्हातारीनें कोठडींतून शिकविलें. मी दोन घटका सोंग केलें आणि मला दोरी धरवत नाहीं. यापुढलें मला ठाऊक नाहीं. ज्यांस ठाऊक आहे त्यांस पुसावें."

दिवाणजी उठले आणि म्हणाले, "सोंगानें सोंगापुरतें असावें! उचला ह्यास!" शिपाई पुढें जाहले. तेव्हां बायकांच्या गर्दींतून भिवरा उठली, आणि ज्या रंगावर आमच्या राज्यांत बाईचें पाऊल कधीं पडलें नव्हतें त्या रंगावर चढली, आणि नवऱ्याच्या बाजूस उभी राहून तिनें दोरी हातीं धरिली. शिपाई थबकले. ती म्हणाली, "मी ह्यांची बायको, भिवरा. मी सहा वेळां अशी दोरी धरली. चार वेळां माझ्या मनानें धरली, दोन वेळां नाहीं. महाराज, दोरी तीच असते, कळ तीच असते, पण मन नसतांना धरली तर ती बाई दोरीस टांगलेली असते. इतकेंच मला सांगावयाचें आहे."

राजे म्हणाले, "बाई, राज्यास माणसें पाहिजेत."

भिवरा म्हणाली, "मग आम्ही कोण आहों, महाराज?"

देवळावरचें निशाण फडफडलेलें ऐकूं आलें. मग चिकाचा पडदा हालला. राणीसाहेब बाहेर आल्या. डोईवर पदर, पायांत कांहीं नाहीं. त्या भर सभेंतून चालत रंगापाशीं गेल्या, पायरी चढल्या, आणि भिवरेच्या हाताच्या वर त्यांनीं दोरी धरिली. सरदारांनीं माना खालीं घातल्या. राजे गादीवरून उतरले आणि हळू आवाजांत म्हणाले, "आपणही?" राणीसाहेब म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेस. आपण मोहिमेस निघालां त्याच्या आदले दिवशीं. मी थकलें आहें म्हणालें होतें. आपण ऐकलें नाहीं ऐसें मी म्हणत नाहीं. ऐकलें, आणि विसरलां." मग कुंभाराची बायको चढली, मग एका सरदाराची विधवा सून, मग ज्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत अशा कितीएक, दोरीवर हात मावेनात म्हणून एकीनें दुसरीचा खांदा धरिला, तिनें तिसरीचा, आणि ती रांग पटांगणाच्या कडेपर्यंत गेली. कोणी घोषणा केली नाहीं, कोणी रडलें नाहीं. आम्हीं लढाया पाहिल्या आहेत, हत्ती पिसाळलेला पाहिला आहे, नदी किल्ल्यास लागलेली पाहिली आहे, परंतु अंगावर कांटा आला तो त्या दिवशीं.

राजांनीं ती रांग शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "हुकूम रद्द. काशाईस आतांच सोडावी, पालखींतून आणावी. आणि नवा हुकूम लिहा कीं, मूल व्हावें कीं न व्हावें, केव्हां व्हावें, हें आधीं त्या बाईस पुसावें. नवऱ्यानें, सासऱ्यानें अथवा चावडीनें तिच्या वतीनें उत्तर देऊं नये. सुइणीच्या कामांत कोणीं पडूं नये." दिवाणजी म्हणाले, "महाराज, मग फौज कोठून आणावी?" राजे म्हणाले, "मोहीम कमी करूं." आणि खरेंच त्या सालची मोहीम राहिली. तो हुकूम आम्हींच लिहिला. शाई नवी करून घ्यावी लागली.

काशाई पालखींत बसली नाहीं, चालत आली, आणि थेट भिवरेकडे जाऊन तिचें मनगट धरून तिला तिच्या घरीं आंत घेऊन गेली. दोघींचें काय बोलणें जाहलें आणि भिवरेनें काय ठरविलें, हें पुढें अनेकांनीं आम्हांस विचारिलें. आम्हांस ठाऊक नाहीं. रवळू ओसरीवर बसून राहिला, त्यानेंही दार लोटलें नाहीं. सायंकाळीं भिवरा बाहेर आली आणि तिनें त्यास सांगितलें, तेव्हां तो "बरें" म्हणाला, आणि चूल पेटविण्यास उठला. ती पुढें पुष्कळ वर्षें जगली, इतकें मात्र लिहितों.

हुकूम कागदावर एका दिवसांत जाहला, गांवांत पोंचण्यास वर्षें लागलीं. म्हणून रवळू आणि भिवरा खेळ घेऊन निघालीं. तो मांडी, ती बोले. एकट्यानें मांडण्यास तो कबूल होईना. कोठें वाहवा मिळाली, कोठें दगड पडले. एके ठिकाणीं पाटलानें मांडव जाळिला, तर तेथल्या बायकांनीं दुसरे दिवशीं उन्हांत उघड्यावर बसून खेळ पाहिला. हद्दीवरच्या एका वाडींत खेळ संपल्यावर ऐंशीची एक म्हातारी काठी टेकीत आली आणि दोरी धरून उभी राहिली. भिवरेनें विचारिलें, "आजी, तुम्हांस किती जाहलीं?" म्हातारी म्हणाली, "अकरा." भिवरेनें विचारिलें, "आणि तुम्हांस किती हवीं होतीं?" म्हातारी दोरी सोडून तिथेंच खालीं बसली आणि म्हणाली, "थांब पोरी, मोजूं दे. हें मला पहिल्यांदाच कोणी विचारतें आहे."

येणेंप्रमाणें हकीकत. ती बसली तसे तिच्याभोंवतीं सगळे बसले, आणि तिचें मोजणें होईपर्यंत कोणी उठलें नाहीं. अधिक उणें लिहिलें असेल तें आमचें, खरें आहे तें त्यांचें. लेखनसीमा.