वाळकूतात्यांची काडी

वाळकूतात्या धानके पाण्याशी बोलायचे. म्हणजे नुसतं पुटपुटणं नव्हे, चांगलं नात्यागोत्यातलं बोलणं. शेणव्याचा ओढा त्यांची मावशी, किन्हवलीच्या पुढचा ओढा आत्या आणि काळू नदी थेट सासूबाई. पावसाळ्यात ओढ्यापाशी आले की सायकलवरून उतरायचे, हात जोडायचे आणि विचारायचे, "काय आत्या, आज मूड कसा हाय?"

आत्याचं उत्तर यायचं काडीतून. पाण्याच्या अगदी कडेला तात्या एक काडी खोचायचे आणि शेजारी उकिडवे बसायचे. पाणी काडीच्या वर आलं तर चढतंय, थांबायचं. काडीखाली गेलं तर उतरतंय, निघायचं. आमच्या भागातली जुनी माणसं असं करतातच, पण तात्यांना त्याचं वेड होतं. हॉटेलात टेबलावर पाणी सांडलं तरी ते बोलता बोलता त्याच्या कडेला आगकाडी ठेवायचे. एका लग्नात मांडवाबाहेर पाणी साचलं तेव्हा त्यांनी नवरदेवाला तसाच वरातीत उभा ठेवला होता. "थांबा, चढतंय," म्हणाले. मुहूर्त टळला, मुलीचा बाप रडकुंडीला आला, पण तात्या हलले नाहीत.

तीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं. पावसाळ्यात त्यांचं टपाल उशिराच यायचं. कुणी बोललं की ठरलेलं उत्तर, "उशिरा चालंल, वलं नाय चालनार." गावोगावची पोरं त्यांना 'थांबतात्या' म्हणायची आणि त्यात आम्ही शिकलेलेही होतो.

मी तेव्हा शहापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. नव्वदीची शेवटची वर्षं असतील. एका पाड्यावरच्या शाळेचं छप्पर वादळात उडालं होतं. ते पुन्हा घालायला मदत मिळावी म्हणून आम्ही पंधरा जणांनी शहापूर ते मुरबाड सायकलफेरी काढली. वाटेतल्या गावांत थांबायचं, शाळेबद्दल सांगायचं आणि दुपारी मुरबाडला सभा. पुढारी मी. ऑगस्टात फेरी काढायची अक्कलही माझीच. रस्ता माहितीचा म्हणून निवृत्त झालेल्या तात्यांना बरोबर घेतलं. ते खाकी टोपी घालून आले आणि सायकलच्या कॅरियरला विहिरीवरचा लांबच लांब दोर बांधून आले. आम्ही पोट धरून हसलो.

शहापूर सोडलं तेव्हाच पाऊस चालू होता. शेणव्यापर्यंत तो असा झाला की पुढच्याचं मागचं चाक दिसेना. दोन ओढ्यांवर तात्यांनी आम्हाला थांबवलं, काडी लावली आणि प्रत्येक ठिकाणी तासभर बसवलं. अंगातली ऊब गेली. बँकेतला प्रकाश म्हणाला, "सर, असंच चाललं तर आपण गणपतीत मुरबाडला पोचू."

किन्हवली मागे पडली आणि आत्या आली. तिथे ओढ्यावर फरशी होती. फरशी म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, पाणी चढलं की सरळ त्याच्यावरून वाहतं. त्या दिवशी फरशी दिसतच नव्हती. लालभडक पाणी गरगरत जात होतं आणि त्याचा आवाज छातीत घुमत होता. मी घाबरलो. पण मुरबाडला मंडप घातलेला, पाहुणे येऊन बसलेले आणि मागे चौदा जण माझ्याकडे बघत होते.

तात्यांनी काडी लावली. पाच मिनिटांत पाणी काडीला भिडलं. "चढतंय. बसा," ते म्हणाले.

"तात्या, पुरे आता!" प्रकाश ओरडला. त्याने आणि आणखी दोघांनी पँट गुडघ्यापर्यंत सरसावल्या होत्या. अंगणवाडीच्या मनीषाताई म्हणाल्या, "थांबा ना वं, तात्या सांगतात तर." त्यांचं कुणी ऐकलं नाही. तात्या झाडाखाली तंबाखू मळायला गेले.

तेवढ्यात मी ते केलं. वाकलो, काडी उपटली आणि वीतभर वर, कोरड्यात खोचली. सगळ्यांनी बघितलं. प्रकाश हसला. मीही हसलो असेन.

तात्या परत आले. काडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्या पँट सरसावलेल्या तिघांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"उतरलंय ना, तात्या?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"हां," ते म्हणाले. "सायकली हिथंच ठेवा. दोर सोडा."

पाणी उतरलं असेल तर सायकली कशाला ठेवायच्या आणि दोर कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. तात्यांनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसऱ्या टोकाने ऐनाच्या झाडाला वेढा घातला आणि ते माझ्या हातात दिलं. "सर, तुमीच धरा. हलूहलू सोडा."

मग टोपी नीट बसवून ते पाण्यात उतरले. पायाने फरशी चाचपत, एक एक पाऊल. पाणी घोट्याला, गुडघ्याला, मग मांडीला. माझ्या हातातून दोर सरकत होता आणि मला कळत होतं की या माणसाला मी खोटं बोलून तिथे पाठवलंय. "तात्या, परत फिरा," असं ओरडायला मी तोंड उघडलं. पण दोर सोडतच राहिलो. बरोबर मध्यावर ते गेले. म्हणजे दिसेनासे झाले. टोपी गिरक्या घेत निघून गेली आणि दोराला असा हिसका बसला की माझे तळहात सोलून निघाले. मनीषाताई किंचाळल्या. प्रकाश माझ्यामागून दोराला लटकला. "धरा, सोडू नका!" एवढंच ऐकू येत होतं. मला फक्त एवढं वाटत होतं की आता त्यांच्या घरी कोण जाऊन सांगणार.

मग त्यांच्या पायाला पुन्हा फरशी लागली असावी, पलीकडच्या अंगाला एक हात वर आला. गवत धरलं. तात्या गुडघ्यांवर रांगत वर चढले, ओकले, उठले आणि पहिलं काम म्हणजे कमरेचा दोर सोडून एका जांभळीला आवळून बांधला. मी माझ्याकडचं टोक ऐनाला गाठ मारून बांधलं आणि तो दोर धरून आम्ही पंधरा जण पार झालो. ते मांडीभर पाण्यात येऊन एकेकाचं मनगट पकडत होते. शेवटी मी आलो तेव्हा पाणी माझ्या छातीशी होतं. अर्ध्या तासाने जांभळीपासून मागे पाहिलं, तर ऐनाच्या बुंध्याला पाणी लागलं होतं.

सरळगावपर्यंत चालत आलो. चहाच्या टपरीत तात्या कोपऱ्यात बसले होते, मी शेजारी जाऊन बसलो.

"तात्या, काडी मी सरकवली होती."

"ठावं हाय." ते रस्त्याकडे बघत होते. "मी काडी तिरकी लावतो, पान्याकडं कललेली. ती सरल व्हती."

"मग 'नको' का म्हणाला नाहीत?"

"बोललो की. दोनदा ऐकलात, तिसऱ्यांदा कोन ऐकनार व्हता? मी पाठ वलवली असती, का ती तीन पोरं बिनदोराची शिरली असती. मंग मी काय करू, काठावर बसून त्यांना जाताना बघू?"

लाज वाटत होती आणि भीती अजून अंगातून गेली नव्हती. मग तात्या माझ्याकडे झुकले आणि आवाज अगदी खाली आणला.

"आनि सर, मला पवता येत नाय. खात्यात कुनाला कलू दिलं नाय तीस वर्सं. तुमी पन बोलू नका कुठं."

चहा आला. तात्यांनी ग्लास उचलला, पण हात इतका थरथरत होता की अर्धा चहा धोतरावर सांडला. त्यांनी तो खाली ठेवला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी ग्लास उचलला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. ते डोळे मिटून, एकेक घोट करत प्यायले.