आईच्या घरचं विरजण

विभावरी तांबवेकरच्या दह्याला नागरिकत्व मंजूर झाल्याचं पत्र मंगळवारी आलं. त्याच टपालात तिचा स्वतःचा अर्ज नामंजूर झाल्याचंही पत्र होतं. दोन्ही पाकिटं एकाच रंगाची, आणि दोन्ही पत्रांखाली सही एकाच बाईंची: ऑड्री फिंच, स्थलांतर विभाग, नॉर्थ हॅलम.

पत्रांची अदलाबदल झाली असावी असं विभावरीला आधी वाटलं. तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दह्याच्या पत्रात लिहिलं होतं, ‘आपण सलग एकवीस वर्षं या देशात राहिलात, आपल्याविरुद्ध तक्रार नाही आणि शेजाऱ्यांशी आपले संबंध सलोख्याचे आहेत.’ हे तिच्याबद्दल असणं शक्य नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या माणसाशी तिचं पार्किंगवरून वाजलेलं होतं.

दह्याची सरकारदरबारी नोंद कशी झाली, ते सांगायला हवं. एकवीस वर्षांपूर्वी विभावरी कराडहून निघाली, तेव्हा आईने एक धुवट सुती फडकं घरच्या दह्यात भिजवलं, सावलीत खडखडीत वाळवलं आणि घडी करून तिच्या पर्समध्ये ठेवलं. तिकडे गेल्यावर कोमट दुधात बुडव, सकाळपर्यंत लागेल, म्हणाली. वडिलांचा जन्म तलाठी कार्यालयात गेलेला. त्यांनी फक्त एवढंच बजावलं, “सरकारी कागदावर काही लपवायचं नाही.” विमानतळावरच्या फॉर्मवर ‘सोबत कोण आहे’ असा रकाना होता. नवरा चार महिने आधीच पुढे गेला होता. विभावरीने थोडा विचार केला आणि लिहिलं: आईच्या घरचं विरजण. अधिकाऱ्याने शिक्का मारला. दह्याची फाइल त्या दिवशी उघडली.

विभावरीची फाइल मात्र मध्येच तुटली होती. नवरा नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या संसारात गेला. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायचं काम करून परवान्यावर राहिली. मग आई अंथरुणाला खिळली आणि विभावरी चौदा महिने कराडला जाऊन राहिली. आई गेली, तेरावं झालं, ती परतली. नियम असा की वर्षभराहून जास्त बाहेर राहिलेल्याचं वास्तव्य सलग धरत नाहीत. परवाना महिनाअखेरीला संपत होता. अठ्ठावीस दिवस उरले होते.

तिने भावाला, प्रल्हादला, फोन लावला.

“दह्याला मिळालं ना?” प्रल्हाद म्हणाला. “मग झालं की, ताई. घरातल्या एकाला तरी मिळालं.”

“अरे, पण मला देश सोडायला सांगितलाय.”

“मग ये इकडं. खोली रिकामीच आहे आईची.”

विभावरीने फोन दुसऱ्या कानाला धरला. त्या खोलीत राहायला जायचं म्हणजे घरी जायचं की पाहुणी म्हणून जायचं, हे तिला कळेना. आणि इथून निघायचं म्हणजे घर सोडायचं की लॉज सोडायचा, तेही कळेना. एकवीस वर्षांत हा प्रश्न कुणी तिला विचारला नव्हता, म्हणून उत्तरही तयार नव्हतं.

गुरुवारी ती स्टीलच्या डब्यात दही घेऊन स्थलांतर विभागात गेली. मिस फिंच पन्नाशीची, नीटनेटकी बाई होती. तिने आधी डब्याकडे पाहून अभिनंदन केलं, मग विभावरीला बसायला सांगितलं.

“तुमच्या अर्जाचं मी काही करू शकत नाही,” ती म्हणाली. “पण नागरिकाला आपल्या जवळच्या नातेवाइकासाठी अर्ज करता येतो. दह्याची हरकत नसेल तर ते तुम्हाला इथे ठेवून घेऊ शकतं.”

“त्याची हरकत कशाला असेल?”

“मी गृहीत धरत नाही.” मिस फिंचने फॉर्म पुढे सरकवला. “दही तुमचं कोण?”

फॉर्मवर चार चौकोन होते: जोडीदार, आई-वडील, अपत्य, भावंड. विभावरी पेन हातात धरून बसून राहिली. रोज रात्री ती त्याला झाकून ठेवायची, थंडीत टॉवेल गुंडाळायची, म्हणजे अपत्य. पण ते आईला तिच्या सासूने दिलेलं, विभावरीच्या जन्माआधीपासून घरात असलेलं, म्हणजे वडीलधारं. तिने दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं.

“वाढवलं कुणी?” मिस फिंचने मदत म्हणून विचारलं.

“आईने. आम्हा दोघांनाही.” विभावरीने पेन खाली ठेवलं. “ती म्हणायची, आयुष्यात मी दोनच गोष्टी एक दिवस न चुकता बघितल्या, एक तू आणि एक विरजण.”

“मग भावंड,” मिस फिंच म्हणाली आणि तिने स्वतःच खूण केली.

नातं खरं आहे की कागदापुरतं, हे तपासायला ती पुढच्या आठवड्यात घरी आली. वही काढून ओट्यापाशी उभी राहिली. विभावरीने दूध तापवलं, निवत ठेवलं आणि थोड्या वेळाने त्यात करंगळी बुडवली.

“थर्मामीटर?” मिस फिंचने विचारलं.

“करंगळीला सोसलं की झालं.”

“किती अंश?”

“ते माहीत नाही. आईच्या करंगळीला सोसायचं तेवढं.”

मिस फिंचने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग ती मूळ मुद्द्यावर आली. विभावरी चौदा महिने कराडला होती, तेव्हा दही कुठे होतं?

दही भोयरकाकूंकडे होतं. भोयरकाकू पलीकडच्या इमारतीत राहायच्या, मूळच्या वर्ध्याच्या. मुलाकडे आलेल्या त्या इथल्याच झाल्या होत्या. विभावरीने निघताना त्यांना वाटीभर दही दिलं आणि परतल्यावर त्यांच्याकडूनच वाटीभर आणलं. विरजण शेजारी मागायला आणि द्यायला आपल्यात कुणी लाजत नाही. काकूंना साक्षीला बोलावलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, पण मिस फिंचची वही पाहिल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला.

“खोटं कायले बोलू, पोरी,” त्या विभावरीलाच म्हणाल्या. “तुले तवाच सांगाले पायजे होतं. जानेवारीत लई थंडी पडली, दही लागेच ना. चार दिवस नुसतं दूधच राहिलं. मंग म्या त्यात एक चमचा दुकानातलं टाकलं.”

विभावरीने डबा जवळ ओढला. अर्ज बुडाला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात वेगळंच आलं. म्हणजे गेले आठ महिने आपण रोज कुणाचं दही खातोय? डब्याकडे बघून तिला ओळखीचं माणूस फोनवर परक्या आवाजात बोलावं तसं झालं.

तिने काकूंचं म्हणणं मिस फिंचला सांगितलं. लपवलं नाही. मिस फिंचने बराच वेळ नियमावली चाळली.

“दुकानातलं दही इथल्याच गाईंचं?”

“हाओ, डब्यावर गाय होती,” काकू म्हणाल्या. विभावरीने भाषांतर केलं.

“म्हणजे जानेवारीत तुमच्या भावंडाने स्थानिक कुटुंबाशी संबंध जोडला. यात गैर काही नाही. उलट अर्जाला बळकटी येते.” मिस फिंचने वही मिटली. “तुम्ही असं काही केलं असतं, तर तुमचाही अर्ज सोपा झाला असता.”

काकू खूश झाल्या. विभावरीला आनंद मानावा की अपमान, ते ठरवता आलं नाही. तिने दोघींना चहा दिला.

शपथविधी नगरभवनात झाला. बत्तीस माणसं आणि एक डबा. डब्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि विभावरीला मागे, नातेवाइकांच्या रांगेत. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी शपथ चालू असताना स्थिर राहावं, असं सांगण्यात आलं. दही स्थिर राहिलं. पाणीसुद्धा सुटलं नाही.

त्याआधी एका कागदावर जवळची नातेवाईक म्हणून विभावरीला सही करावी लागली होती. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही, त्यामुळे दह्याने जुनं सोडलं. सही करताना तिला रडू आलं. आईला आपल्या हाताने परकं केलं, असंच तिला वाटलं. शेजारच्या बाईला ते आनंदाश्रू वाटले. तिने रुमाल दिला.

विभावरीला परवाना संपायच्या आत राहायची परवानगी मिळाली, दह्याची आश्रित म्हणून. ते जोवर या देशात राहील तोवर तिने राहायचं, आणि ते गेलं तर तिने जायचं. शिळं होऊन चालणार नव्हतं. ती रोज नेमाने दूध तापवू लागली.

मग प्रल्हादचा फोन आला. आईचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात होतं.

“येताना तेवढं घरचं दही घेऊन ये, ताई. दहीभाताला. इथं तर पिशवीतलंच आहे आता.”

पिशवीतलं का आहे, हे विभावरीला चांगलंच ठाऊक होतं. तेराव्याच्या पंगतीत माणसं वाढत गेली, दही कमी पडलं, आणि गडबडीत शेवटची पळी तिनेच वाढली. चमचाभर मागे ठेवायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. कराडच्या घरातलं विरजण त्या दुपारी संपलं. हे तिने आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण कवळी घासताना, बस थांबताना, ती पळी तिला दिसायची.

दही आता परदेशी असल्यामुळे त्याला व्हिसा लागला. वकिलातीतल्या कारकुनाने मूळ गावाचा पुरावा मागितला. विभावरीने ते सुती फडकं काढून दिलं. त्याने ते उलटसुलट बघितलं आणि तीस दिवसांचा व्हिसा दिला. खाली अट छापलेली होती: मुदतीपलीकडे भारतात राहता येणार नाही, पूर्णतः अथवा अंशतः.

“अंशतः म्हणजे?” तिने विचारलं.

“म्हणजे एक चमचासुद्धा,” कारकून म्हणाला. “अट मोडलीत तर दह्याचं नंतर बघू. आश्रिताचा इथला परवाना आधी रद्द होतो.”

वर्षश्राद्धाला दहीभात झाला. जुनी माणसं जेवली, आणि आईच्या हातची चव आहे म्हणाली. भोयरकाकूंचा चमचा कुणालाच लागला नाही. तिसाव्या दिवशी बॅग भरून झाली, रिक्षा दारात आली, तेव्हा वहिनी रिकामी वाटी घेऊन बाहेर आली.

“वन्सं, चमचाभर ठेवा की.”

विभावरीने तिला अट सांगितली. वहिनीने शांतपणे ऐकून घेतली. वाटी मात्र तशीच धरून उभी राहिली. विभावरीने बॅग खाली ठेवली, स्वयंपाकघरात गेली आणि दूध तापवायला ठेवलं. निवल्यावर तिने वहिनीची करंगळी धरून दुधात बुडवली.

“सोसतं का?”

“सोसतं.”

“मग एवढंच. लक्षात ठेव.” तिने चमचाभर दही दुधात ढवळलं, वाटी झाकली आणि रिक्षात बसली.

विमानतळावर तिला फॉर्म दिला. ‘सोबत’ या रकान्यात तिने डब्याचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘मागे राहिलेले जवळचे नातेवाईक’. सरकारी कागदावर काही लपवायचं नाही, हे वडिलांचं बजावणं तिला आठवलं. मग तिने लिहिलं: भावंडं दोन. एक प्रल्हाद, एक चमचा.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याने ते वाचलं. शिक्का उचलला आणि हवेतच थांबवला.

“डब्यातलं थोरलं की चमच्यातलं?”

विभावरीने खूप विचार केला. मागे रांग खोळंबली होती.

“ते मलाही सांगता येत नाही, साहेब,” ती म्हणाली.

अधिकाऱ्याने मान हलवली, ‘अनिश्चित’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.