पेंडशांचं रविवारचं भांडण

पेंडसे दर रविवारी सकाळी दहाला दार सताड उघडून भांडायचे. भांडण आटपलं की चष्मा सारखा करून माझ्याकडे बघायचे.

"शेलार, ऐकलंत ना सगळं?"

"कान आहेत मला."

"छान. कुणी विचारलं तर सांगा."

हडपसरला आमची दारं समोरासमोर. मी कारखान्यात लेथ चालवली, शाळा चौथीपर्यंत. पेंडसे कोर्टातले निवृत्त कारकून, पेठेतून इकडे आलेले. बरोबर नलिनीबाई. दोघांचेही जोडीदार वारलेले, पण यांनी लग्न केलं नव्हतं. केलं असतं तर बाईंचं आधीच्या नवऱ्यामागचं पेन्शन बंद झालं असतं. घर पेंडशांच्या नावावर. आपल्यामागे पुतण्या बाईंना बाहेर काढील, हा त्यांना घोर.

वकील म्हणाला होता, लग्न नसलं तरी कायदा बाईला अगदी वाऱ्यावर सोडत नाही. पण तुम्ही नवरा-बायकोसारखे राहता हे चारचौघांनी सही करून सांगायला हवं. झालं. पेंडशांनी ठरवलं, नवरा-बायकोची पक्की खूण म्हणजे भांडण.

"अहो, ही मेथी आणलीत की गवत?" बाई विचारायच्या.

"तुला दिसत नाही का?" पेंडसे ओरडायचे, तेही हातातल्या कागदात बघून! एकदा बाईंना हसू फुटलं, तर हे कुजबुजले, "हसू नका हो. तुमच्याच घरासाठी चाललंय."

माझी शांता म्हणायची, "त्यांना म्हणावं, आमच्याकडे या, फुकट शिकवते." पण मलाही सांगायची, "द्या की सही. काय जातंय तुमचं?"

"घरात सून आहे. असल्या भानगडीत मी नाही."

सून संगणकाच्या कंपनीत. ती म्हणाली, "बाबा, माझ्या ऑफिसात कितीतरी जण असेच राहतात." मी तिलाही गप्प केलं.

मग शांता गेली. दोन महिन्यांनी पेंडशांच्या छातीत दुखलं, त्यांना दवाखान्यात ठेवलं. पुतण्या आला. जिन्यात मला विचारलं, "काका, त्या बाई कोण?"

मी म्हटलं, "कामाला असतील."

बाई मागेच उभ्या होत्या, दवाखान्याचा डबा हातात घेऊन. त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि माझ्या अंगावरून खाली गेल्या.

आठ दिवसांनी पेंडसे घरी आले. रविवारी दहा वाजले, दार बंद. पुढच्या रविवारीही बंद. मला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या रविवारी मीच गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. पेंडसे जमिनीवर बसले होते, बाईंचा पाय मांडीवर घेऊन. नखं काढत होते. बाईंना वाकता येत नाही.

"लागलं तर सांगा हां," म्हणत होते. मला बघून दचकले. "आज भांडण नाही, शेलार. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केलीय."

"कागद द्या. साक्ष लिहितो."

"कामवालीसाठी साक्ष?" बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

"खोटं बोललो, तेही लिहितो."

अक्षर वाकडंतिकडं आलं. लिहिलं की ही दोघं इतकी वर्षं माझ्या समोर एका घरात राहतात, जोडप्यासारखी. पुतण्याला मी खोटं सांगितलं. भांडणं ऐकली, पण ती काही खरी वाटली नाहीत. आज मात्र ह्यांना बाईंच्या पायाची नखं काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खाली सही केली.

पेंडशांनी वाचलं. कान लाल झाले. "नखांचं तेवढं खोडा हो. कोर्टात हसतील."

"हसू देत."

"पण..."

"खोडणार नाही," मी म्हटलं. "शांताला तिरडीवर ठेवली, तेव्हा मी तिचे पाय नीट बघितले. नखं वाढली होती. गुडघे धरले होते तिचे, दोन वर्षं."

पेंडशांनी कागदाची घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली. बाई जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "बसा, शेलार."