एका सदऱ्याला दोन कॉलर

धाकटी लेक लग्न होऊन दूरदेशी गेली, त्या साली शिंप्याच्या घरात संगणक आला. जाताना लेकीनेच त्यावर लिनक्स नावाची प्रणाली बसवून दिली. दर रविवारी पडद्यावर तिचा चेहरा दिसायचा.

भांडण लागलं ते आवाजावरून. आवाजाचे प्रोग्राम दोन होते. जुन्यावर शिंप्याचा दुकानातला मोठा स्पीकर चाले, नव्यावर बायकोच्या कानातलं श्रवणयंत्र. एक बसवायला घेतला की संगणक विचारी, 'दुसरा काढावा लागेल, काढू?' शिंपी होकार देई आणि बायकोचा प्रोग्राम जाई. पुढच्या रविवारी बायको त्याच्या आधी उठे आणि आपला बसवून त्याचा काढी.

"अहो, माझा कुणी काढला?"

"मशीननं विचारलं, मी नुसतं हो म्हटलं."

"माझ्या कशालाही कधी नुसतं हो म्हणाला नाहीत."

मग लेकीला मुलगी झाली. रविवारी ती बाळ दाखवणार होती. नातीचा आवाज दोघांनाही ऐकायचा होता. निदान आज तरी तंटा नको म्हणून शिंप्याने मशीनचं न ऐकता दोन्ही प्रोग्राम जबरदस्तीने बसवले.

पडद्यावर नात तोंड उघडून रडत होती. आवाज मात्र कुठूनच येईना.

"एका सदऱ्याला दोन कॉलर लावल्यात तुम्ही," बायको म्हणाली.

झाला प्रकार शिंप्याने एका बोटाने टाइप करून लेकीला कळवला. तिचं उत्तर पडद्यावर उमटलं, "बाबा, दोघांचं काम एकच. एकाच्या जागी दुसरा चालतो, पण दोघं एकत्र नांदत नाहीत. एक काढा."

"माझा काढतो," शिंपी म्हणाला.

"काही नको. माझा काढा."

"अगं, तुला ऐकायचंय ना?"

"मग तुम्हाला नाही? माझा काढायला पहाटे उठत होतात, आता कुठून आलं हे शहाणपण?"

लेकीने लिहिलं, "लवकर ठरवा. बाळ झोपेल."

शिंप्याने बायकोकडे न बघता स्वतःचा काढून टाकला. बायको एकदम ताठ बसली.

"काय म्हणते?"

"रडते."

"ते दिसतंय गं. कशी रडते?"

बायकोने घसा खाकरला आणि हुबेहूब नातीसारखं रडून दाखवलं. पडद्यावरची नात गप्पच झाली.

"अजून एकदा," शिंपी म्हणाला.

पुढे प्रोग्राम कुणी बदलला नाही. दर रविवारी बायको ऐके आणि शिंप्याला सांगे. "ती म्हणते, गोड कमी खा," असलं काहीबाही लेकीच्या नावावर खपवी. शिंपी मुकाट मान डोलवी.

नात शाळेत जाऊ लागली, त्या वर्षीच्या थंडीत बायको वारली. पुढच्या रविवारी शिंपी स्वतःचा प्रोग्राम परत बसवायला गेला, तेव्हा मशीननं विचारलं, 'दुसरा काढावा लागेल, काढू?', आणि शिंप्याने पहिल्यांदाच नाही म्हटलं.