डावा कान, उजवा कान

खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी वॉकर धरून रोज थोडं उभं राहिलं की झालं. पण मास्तर उभे राहीनात. व्यायाम करून घ्यायला बाई आल्या की ते दवाखान्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. सगळी हयात बँडमास्तर म्हणून गेलेली, आवाज असा की मागच्या रांगेतला ढोलवाला घाबरून ताल सुधारायचा. तो माणूस आता साधा रागावतसुद्धा नव्हता. मास्तरांचा संताप घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. हे मुकेपण मात्र कुणालाच सोसवेना.

काही हवंय का, असं थोरल्या मुलीनं अगदीच काकुळतीला येऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "माझी धून ऐकव."

मास्तरांनी आयुष्यात एकच धून स्वतः बांधली होती. बँड कधीच मोडला होता. ती धून येणारी माणसं आता दोनच उरली होती, आणि ते दोघेही मास्तरांचे जावई होते. थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तो व्हायोलिन वाजवायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गिटार वाजवायचा. गिटारचा आवाज व्हायोलिनपेक्षा मोठा का, या प्रश्नावरून गेल्या वर्षी एका समारंभात त्यांचं असं काही वाजलं होतं, की तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. काही सांगायचंच झालं तर ते बायकांमार्फत सांगत.

दोन्ही बहिणींनी मिळून त्यांना एका खोलीत बसवलं. थोरल्यानं या कामासाठी मुद्दाम एक छोटा, स्वतःच रेकॉर्ड करणारा स्टिरिओ मायक्रोफोन आणला होता. मुठीत मावणारा, वर दोन कान असल्यासारखा. एक कान डावीकडचं ऐकणार, दुसरा उजवीकडचं. डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे गिटार आणि मधे स्टुलावर मायक्रोफोन, अशी बैठक ठरली. थोरल्यानं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं, असं त्यानं जाहीर केलं.

धून जेमतेम सुरू झाली आणि शेजारचं कपडे धुण्याचं मशीन थडथडू लागलं. थोरल्यानं चरफडत पुन्हा बटण दाबून यंत्र थांबवलं. धाकटा शेजाऱ्यांना समजवायला गेला. तो दाराबाहेर पडताच थोरला बायकोला म्हणाला की हा माणूस गिटार वाजवत नाही, नट पिळतो. थोड्या वेळानं शेजारी नमले, धाकटा परत आला, बटण पुन्हा दाबलं गेलं. या वेळी दुकानातून फोन आला. थोरला यंत्र थांबवून गॅलरीत गेला आणि गिऱ्हाइकावर खेकसत राहिला. तेवढ्यात धाकट्यानं मेहुणीला विचारलं, "ताई, ह्या व्हायोलिनला कधी वंगण घालतात का हो? आमच्याकडे दार असं कुरकुरलं तर लिफ्ट बंद ठेवतो आम्ही."

तिसऱ्या खेपेला बाहेरून काहीच विघ्न आलं नाही, तर दोघं धुनेच्या मधल्या भागात एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. थोरल्यानं बटणावर बोट आपटलं आणि वर्षभराचं मौन सुटलं. तुम्ही घाई करता, तुम्ही रेंगाळता, मोजता येत नसेल तर वाजवता कशाला, कान नसतील तर मोजून उपयोग काय. भांडता भांडता थोरला बोलून गेला, "चूक आपली नाहीच. चालच तिथं लंगडी आहे. म्हाताऱ्यानं उरकलंय ते."

धाकटा म्हणाला, "मला लग्न झाल्यापासून खटकतेय ती जागा. सांगायचं कुणी?"

त्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं आणि त्याचा दोघांनाही फार राग आला. त्या रागातच थोरल्यानं पुन्हा बटण दाबलं आणि त्यांनी धून वाजवली. अशी वाजवली, की दारात उभ्या असलेल्या बहिणी बसायचं विसरल्या. ती लंगडी जागासुद्धा दोघांनी एकमेकांना सावरून पार केली.

एकदा ऐकून बघू या, असं धाकटा म्हणाला. भेटीची वेळ संपत आली होती. थोरला म्हणाला, "तुमच्या लिफ्टसारखं नाहीये हे, मधेच अडकायला," आणि यंत्र खिशात टाकून निघाला.

दवाखान्यात थोरलीनं बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले. मास्तरांनी डोळे मिटले. दोघे जावई पायाशी हात बांधून उभे राहिले. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. मग ओठ हलले. मग कपाळाची शीर ताठ झाली. धाकटा हळूच म्हणाला की भिडलं त्यांना. थोरल्यानं मान डोलावली. बऱ्याच वेळानं मास्तरांनी हेडफोन काढले.

"छान," ते म्हणाले. "वाजवायला कधी सुरुवात होते?"

कुणालाच काही कळेना. धाकट्यानं यंत्र हातात घेऊन बटण दाबून पाहिलं आणि घोटाळा त्याच्या लक्षात आला. पहिल्यांदा दाबलं की यंत्र नुसतं तयारीत राहत होतं आणि दिवा लुकलुकत होता. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होऊन खरं रेकॉर्डिंग सुरू होत होतं, आणि पुन्हा दाबलं की यंत्र परत तयारीत जात होतं. म्हणजे थोरल्यानं ज्याला सुरू म्हटलं ते बंद होतं आणि बंद म्हटलं ते सुरू. धुनेचा एकही सूर आत गेला नव्हता. भांडण मात्र शब्दन् शब्द गेलं होतं.

"डाव्या कानात एक जावई म्हणतो, चाल लंगडी," मास्तर म्हणाले. आवाज अजून खालीच होता. "उजव्या कानात दुसरा म्हणतो, लग्नापासून खटकतेय. आणि इतकी वर्षं माझ्यासमोर माना डोलवत बसलात दोघं?"

थोरला चाचरत म्हणाला की तसं नव्हतं म्हणायचं; एक मात्रा जास्त घेतली असती तर बरं झालं असतं, इतकंच. धाकटा म्हणाला की जास्त कशाला, उलट एक कमी करायला हवी. थोरल्यानं त्याला ऐकवलं की तुम्हाला सगळंच कमी लागतं, आवाज सोडून. दोघं पुन्हा जुंपले. दारात नर्स येऊन उभी राहिली, तरी थांबेनात.

"गप्प बसा!"

मागच्या रांगेतल्या ढोलवाल्याला घाबरवणारा तो आवाज होता. नर्ससुद्धा दोन पावलं मागे सरली. मास्तरांनी अंगावरची चादर लाथाडली, चांगल्या पायाने आणि मग दुसऱ्यानेही, आणि कोपराच्या आधाराने उठून बसले.

"तो वॉकर आण इकडे," ते थोरलीला म्हणाले. "झोपून झापता येत नाही ह्यांना."